तिसरं पाणी

४ जानेवारी

मोठ्या मावशीस नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, कारण आमच्या खोलीत आठ माणसं टेबलाला टेबल लावून बसतात. म्हणून पत्र. तक्रारीचं आहे, आधीच सांगते.

मी इथे काय करते ते तू दर वेळी विचारतेस आणि दर वेळी विसरतेस. मी काचेवर चांदी चढवते. तू आरशांना चढवायचीस तशीच, पण माझ्या थरापुढे तुझा थर म्हणजे गोधडी. एका केसाचे उभे आठ हजार काप करता आले, तर त्यातल्या एका कापाएवढा माझा थर. इतका पातळ, की चांदी असूनही त्यातून पलीकडचं दिसतं आणि तरी वीज वाहते. त्याच्यावर उजेड देणारा दुसरा थर बसतो. चांदीचं एक जरी टोक वर आलं तरी ते वरच्या थरातून टाचणीसारखं आरपार जातं आणि अख्खी पट्टी जळते. म्हणून चांदी सपाट हवी. तो सपाटपणा मोजायला एक बारीक सुई असते. ती पट्टीवरून फिरते आणि आकडा देते. आकडा एकच्या खाली हवा. माझा चार येतो. तीन महिने झाले, चारच येतो.

माझ्या आधीच्या माणसाचा पाऊण यायचा. तो डबा खाता खाता यंत्रावर कोपर टेकायचा, हात शर्टाला पुसायचा, आणि त्याची चांदी आरशासारखी. तो दुसरीकडे गेला आणि ऑक्टोबरात यंत्र माझ्या ताब्यात आलं. आमच्या प्रमुखांनी गेल्या वर्षी चारचौघांत सांगून ठेवलंय, की खाली दुसरा कुठलाही धातू न अंथरता आम्ही नुसती चांदी इतकी सपाट बसवतो. बाकीचे लोक खाली काहीतरी घालतात, आम्ही घालत नाही. हाच आमचा तोरा. आता ते रोज दारात येऊन विचारतात, "काय, आज किती?" मी चार म्हटलं की मान हलवून जातात. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

३१ मार्चच्या आत लागोपाठ तीन पट्ट्या एकच्या खाली आल्या नाहीत तर माझी जागा गेली.

मी काही कमी केलेलं नाही. यंत्र म्हणजे एक पोलादी पेटी. तिच्यातली हवा काढायची आणि आत चांदी तापवायची. तिची वाफ वर जाऊन काचेवर बसते. हवा काढायला चार तास लागतात. म्हणून पूर्वी सगळ्यांच्या काचा सकाळी एकदमच आत ठेवायचे. आधी आमच्या शेजारचे तांबेवाले त्यांचं तांबं चढवायचे, तोवर चांदीच्या काचा एका झाकणीखाली, आणि दुपारी चांदी. मी हा गबाळेपणा बंद केला. आता तांब्याचं झालं की पेटी उघडायची, आतून घासायची, पुसायची, मगच माझ्या काचा आत जाणार. पुन्हा चार तास. तांबेवाले मला पाहिलं की तोंड फिरवतात. पण तुझ्याकडे दोन वर्षं राहून कॉलेज केलंय मी, कपसुद्धा दोनदा धुवायला लावलेस. तेच इथे केलं.

तरी चार. आता तूच सांग.

तुझी भिंगरी


११ जानेवारी

भिंगरे,

पत्र पोचलं. तीन पानं कुरकुर आणि एक ओळ नमस्कार. जेवतेस की नाही ते लिहिलेलं नाहीस.

यंत्र मला समजत नाही आणि समजून घ्यायची हौसही नाही. चांदी समजते. तीस वर्षं आरसे केले. चांदी डागाळली की दोष चांदीचा नसतो, काचेचा असतो. काच नीट धुतली जात नसणार. तू म्हणशील धुते. सगळेच म्हणतात.

आमच्या कारखान्यात काचेला पाच पाणी असत. पहिलं खडूच्या भुकटीचं, दुसरं आम्लाचं, तिसरं तुझी आई करायची ते, मग दोन साधी. वडिलांनी कामं वाटून दिली होती. चांदी माझी, धुणं धाकटीचं. पाच पाण्यांतून निघालेल्या काचेवर बोट टेकलेलं मला चालत नसे. श्वास लागला तरी परत पहिल्या पाण्यात. कामगार मला मागे काय म्हणत ते मला ठाऊक होतं. म्हणेनात. आरसे चोख होते.

झाकणीचा प्रकार बंद केलास ते उत्तम. दुसऱ्याच्या कामात आपली काच ठेवायची म्हणजे काय? मी तो कोपरवाला माणूस पहिल्या दिवशी हाकलला असता. आता अर्धवट राहू नकोस. काच आणखी दोनदा धू. पेटी रोज घास. झाकणीही घास. मग लिही.

आणि प्रमुख दारात आले की आपणहून आकडा सांगावा, विचारायची वाट बघू नये. माणूस निम्मा गार होतो.

मोठी मावशी


१ फेब्रुवारी

मावशी,

तुझं ऐकलं. आकडा पाच आला.

तीन आठवडे घासतेय. हाताची कातडी गेली. काच सात वेळा धुतली, पेटी घासली, झाकणी घासली, पेटीतले स्क्रूसुद्धा काढून घासले. चार होता तो पाच झाला. चांदी हळू सोडली, सहा झाला. भरभर सोडली, साडेचार. काच गार ठेवून पाहिली तर साडेतीन, आणि मी वेड्यासारखी आनंदले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा चार. प्रमुखांना आपणहून आकडा सांगितला. निम्मे गार होणं राहू दे, ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तुमच्या आधी हे होत होतं. बदललंय ते फक्त तुम्ही." मी फडकं धुवायला गेले.

तांबेवाल्यांचं काम बघणाऱ्या बाईंनी तर काल विचारलं, "अहो, पेटीला आता झिलई करणार की काय? आमचं काम कधी होणार?" त्यांचा रोजचा अर्धा दिवस माझ्या घासण्यात जातो. त्यांचंही चूक नाही.

एक मात्र नवीन दिसलं. सुईनं जे चित्र काढलं त्यात चांदी पसरलेलीच नाही. तिचे थेंब झालेत. तेल लावलेल्या ताटलीवर पाणी टाकलं की ते कसं गोळा होऊन बसतं, तसं. काच जितकी स्वच्छ तितके थेंब टपोरे. चांदीला काच आवडतच नाही, मावशी. तिला दुसरी चांदी आवडते, म्हणून ती एकमेकीला चिकटून ढीग करते.

मग तुझे आरसे सपाट कसे व्हायचे? पाच पाण्यांतली चार तू सांगितलीस. तिसऱ्यात काय असायचं?

भिंगरी


९ फेब्रुवारी

भिंगरे,

तिसऱ्या पाण्यात काही नसायचं. धुण्याचा कसला तरी पांढरा क्षार, एका तपकिरी बाटलीतला. मोरीवर मी जात नसे, कपड्यांवर शिंतोडे उडत.

तू विचारलंसच म्हणून एकदा सांगते, पुन्हा विचारू नकोस. बावीस वर्षांपूर्वी आमच्याकडे एका मोठ्या सभागृहाचे चाळीस आरसे आले होते. माणसाच्या दीडपट उंच. त्याच्या ऐन मध्यावर तुझ्या वडिलांची बदली झाली आणि तुझी आई सामान बांधून निघाली. थांब म्हटलं, थांबली नाही. तिच्या मागे मोरीवर मी स्वतः लक्ष घातलं. तिसऱ्या पाण्याचा हौद पाहिला, तर पाणी दुधासारखं गढूळ. असल्या घाणीतून काच काढायची? ओतून दिलं. तिथे स्वच्छ पाणी भरायला लावलं, एक सोडून दोनदा.

चाळीसच्या चाळीस आरसे ढगाळले. चांदी जागोजाग फुटली, तोंड पाहिलं तर अंगावर कोड आल्यासारखं दिसायचं. सगळे परत आले. त्यानंतर आमच्या दारात मोठं काम आलं नाही, आणि दोन वर्षांत मी कुलूप लावलं. जाताना धाकटीनं बाटल्यांत काहीतरी कालवलं असणार. दुसरं कारण नाही. माझ्याकडून कुठेच कसूर नव्हती. तसं मी तिला तेव्हाच लिहिलं. तिचं उत्तर आलं नाही, याचा अर्थ तूच लाव.

आता त्या पाण्याचं नाव काढायचं नाही. तिला विचारायचं तर मुळीच नाही. तुझं यंत्र वेगळं, माझे आरसे वेगळे. हाताला खोबरेल लाव.

मोठी मावशी


२ मार्च

मावशी,

मी आईला विचारलं. दोन दिवसांची रजा काढून गेले आणि समोर बसून विचारलं.

ती भाजी निवडत होती. मी म्हटलं, "आई, तिसऱ्या पाण्यात काय असायचं?"

ती म्हणाली, "बावीस वर्षांनी आठवण झाली का ताईला?"

"तिला नाही. मला हवंय."

"मग सांगते. कथिलाचा क्षार. मोठ्या हौदाला मूठभर. वडिलांनी मला एकटीला शिकवलं होतं. चांदी नुसत्या काचेवर नांदत नाही ग. आधी काचेवर कथिलाचा हात फिरतो. दिसत काही नाही, पण चांदीला पाय रोवायला जागा होते. आणि ते पाणी रोज सकाळी ताजं लागतं. गढूळ झालं की ते मेलं. मग नवं करायचं."

मी विचारलं, हे मावशीला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "जायच्या आदल्या दिवशी सांगायला गेले होते. ती म्हणाली, धुणं काय शिकवतेस मला?"

हे खरं का, मावशी? मी तुझ्या तोंडून ऐकू शकते ते वाक्य, तुझ्या आवाजात.

पुढचं ऐक. परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. माझ्या आधीच्या माणसाच्या काचा सकाळपासून पेटीत असायच्या. झाकणीखाली. ती झाकणी नीट बसत नाही, एका बाजूला फट आहे, मीच घासताना पाहिली होती. तांबेवाले तांबं चढवायचे तेव्हा त्या फटीतून तांब्याचा नुसता श्वास त्याच्या काचांवर बसत असणार. तेच त्याचं तिसरं पाणी. त्याला पत्ता नव्हता, प्रमुखांना नव्हता, कुणालाच नव्हता. आणि मी आले, नियम केला, पेटी घासली, झाकणी घासली आणि ते बंद केलं. तू तिसऱ्या पाण्याच्या जागी स्वच्छ पाणी भरलंस तसंच. शिकवण एकाच घरची.

मंगळवारी गुपचूप जुन्या पद्धतीनं एक काच सकाळीच आत ठेवली. आकडा ०.८.

मला वाटलं होतं मी नाचेन. मी जिन्यावर जाऊन बसले. कारण आता दोन रस्ते आहेत. पूर्वीसारख्या तीन काचा सकाळी आत ठेवायच्या, तीन चांगले आकडे द्यायचे, गप्प बसायचं. जागा राहील, प्रमुखांचा तोरा राहील, आणि ही नुसती चांदी आहे असं सगळे म्हणत राहतील. नाहीतर सांगायचं, की गेल्या वर्षी तुम्ही जे चारचौघांत बोललात ते खरं नाही, खाली तांबं आहे, आणि पाच महिने तुमचं काम बिघडवलं ते माझ्या नियमानं. मग ते मला ठेवतील कशाला?

सल्ला मागत नाही. सांगून ठेवतेय.

आणखी एक. तुझं ते जुनं पत्र आईनं ठेवलंय. मला वाचायला दिलं. "कारखाना बुडवायचाच होता तर तोंडावर सांगायचं होतंस." मी विचारलं, उत्तर का नाही दिलंस? ती म्हणाली, "मी नाही म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं का?"

भिंगरी


१० मार्च

भिंगरे,

मना केलेलं असताना गेलीस. त्याबद्दल नंतर बोलू.

तुझ्या यंत्राचं आधी. हा प्रश्नच नाही. काचेवर जे आहे ते लिहायचं. न लिहिता विकलेला माल परत येतो, आणि तो तू तिथे नसताना येतो. कुणीतरी पुढची मुलगी तुझ्यासारखीच सात वेळा काच धूत बसेल आणि तिला म्हणतील, बदललीयस ती तू. नुसतं तोंडी सांगू नकोस, तोंडी बोललेलं उडवून लावतात. त्या कोपरवाल्याची एखादी जुनी पट्टी कपाटात असेलच. ती तपासून घे, तांबं निघतं का. मग जा. उभ्यानं सांग, रडायचं नाही, आणि स्वतःचा नियम चुकला हे आधी सांग. आपली चूक आधी मांडली की दुसऱ्याची मांडायला जड जात नाही.

बाकीच्या मजकुराला आज उत्तर देत नाही.

मावशी


२ एप्रिल

मावशी,

झालं. तू म्हटलंस तसंच केलं, फक्त थोडी रडले. तेही आधीच, एकटीनं.

जुनी पट्टी कपाटात सापडली. तपासणीत तांबं निघालं, केसभराच्याही कितीतरी कमी, पण होतं. मग सरळ तांबेवाल्यांच्या बाईंकडे गेले. म्हटलं, तुमचे अर्धे दिवस खाल्ले, माफ करा, आता मला मुद्दाम, मोजून, तुमच्या तांब्याचा हात हवाय. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस तुम्ही आम्हालाच पुसून काढत होतात." आणि मग हसल्या. झाकणी उघडी ठेवून, मोजून तांबं दिलं, वर चांदी. तीन पट्ट्या: ०.७, ०.६, ०.७. फटीतून येत होतं त्यापेक्षा सपाट.

प्रमुखांकडे अहवाल घेऊन गेले. पहिलं वाक्य असं लिहिलंय: "ऑक्टोबरपासून पट्ट्या खडबडीत झाल्या, याचं कारण मी घातलेला नियम." हे एक वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. दुसरं जुन्या पट्टीबद्दलचं, ते पाच मिनिटांत झालं. तू म्हणालीस ते खरं निघालं.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे आपण जे सांगत होतो ते..." म्हणाले आणि थांबले. मी म्हटलं, "हो." शेवटी म्हणाले, "मला हे सगळ्यांना कळवावं लागेल," आणि अहवालावर सही केली. अभिनंदन केलं नाही. मला सहा महिने वाढवून दिले, वर्ष नाही. आणि यंत्र आता माझं आणि तांबेवाल्यांचं मिळून. आता दारात येऊन ते किती म्हणून विचारत नाहीत, मानही हलवत नाहीत. जातात निघून. पाच महिन्यांच्या वैतागाचं फळ एवढंच.

तरी मी आज जेवले. तू विचारशीलच.

तू लिहिलं होतंस, बाकीच्या मजकुराला आज उत्तर देत नाही. त्याला तीन आठवडे झाले. मी माझं वाक्य लिहिलं, मावशी. आईचा पत्ता खाली देतेय, तुझ्याकडे असेलच, तरी.

भिंगरी


१४ एप्रिल

धाकटीस,

हे पत्र चौथ्यांदा लिहितेय. आधीच्या तिन्हींत मी कारणं दिली होती. फाडली.

तू जायच्या आदल्या दिवशी मोरीवरून हात पुसत माझ्याकडे आली होतीस. काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतंस. मी काय म्हणाले ते तुला पाठ आहे आणि मलाही. तेव्हा मी ऐकलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

गढूळ पाणी मी ओतलं. मला ते घाण वाटलं. त्या जागी स्वच्छ पाणी मी भरलं, आणि चाळीस आरसे मी बिघडवले. तू काही कालवलं नव्हतंस. खरं म्हणजे ढगाळलेला पहिला आरसा समोर आला तेव्हाच माझ्या मनात आलं होतं, की मोरीवर आपण काहीतरी बदललंय. पण ते कबूल करायचं तर धुणं हे काम होतं असं म्हणावं लागलं असतं. त्यापेक्षा तुला दोष देणं सोपं होतं. इतकी वर्षं लोक म्हणत, आरसे चोख, आणि मी मान ताठ करून ऐकत असे. ते अर्धे तुझे होते. अर्धे म्हणतेय तेही सवयीनं, जास्तच असतील.

माझं ते पत्र तू ठेवलंयस असं कळलं. फाडून टाक असं सांगायचा मला हक्क नाही. त्याच्याजवळ हे ठेव.

तुझी मुलगी हट्टी आहे. मना केलं तरी ऐकत नाही. चांगली निघाली.

कारखान्यातली एक काच अजून माझ्याकडे आहे, हातभर, माळ्यावर गोणपाटात होती. काल काढली. खडूनं घासली, आम्लातून काढली. चांदीही थोडी शिल्लक आहे. कुठल्या गाडीनं येतेस ते कळव. काच टेबलावर तशीच ठेवलीय. तिसरं पाणी मला करता येत नाही.

ताई